नवोदयची तयारी: अपूर्णांक आणि दशांशाची गणितं कशी करून घ्यावीत

पाचवीतली मुलं सहावीच्या प्रवेशासाठी जी नवोदय परीक्षा देतात, तिच्या ८० प्रश्नांपैकी २० अंकगणिताचे. त्यांना ३० मिनिटं, म्हणजे एका गणिताला दीड मिनिट. प्रत्येक प्रश्न १.२५ गुणांचा. पहिलं गणित यावरच घाला: १६ उत्तरं बरोबर आली तर गुण किती? सोळा सव्वा वीस. ज्याला १.२५ मध्ये सव्वा दिसतो तो तोंडी सांगतो. बाकीचे उभा गुणाकार मांडतात आणि दीड मिनिट तिथेच संपतं.

म्हणून सुरुवात जोड्या पाठ करून घेण्यापासून. पाव ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५ हे घरात ऐकलेलं असतंच. मग १/५ = ०.२, १/८ = ०.१२५, ३/८ = ०.३७५, ५/८ = ०.६२५, ७/८ = ०.८७५, १/२० = ०.०५, १/२५ = ०.०४, १/४० = ०.०२५. दोन्ही बाजूंनी विचारा. ०.६२५ म्हटल्यावर ‘पाच अष्टमांश’ लगेच यायला हवं.

यानंतर स्थानिक किंमत, आणि इथे घाई करू नका. खानदेशात कापसाच्या किंवा केळीच्या काट्याची पावती शोधायला लांब जावं लागत नाही. क्विंटल म्हणजे १०० किलो, त्यामुळे किलो थेट शतांशाच्या घरात बसतात. ३ क्विंटल ४५ किलो म्हणजे ३.४५. आता ३ क्विंटल ५ किलो लिहायला सांगा. बरीच मुलं ३.५ लिहितात. ते झाले साडेतीन क्विंटल, ३५० किलो! बरोबर उत्तर ३.०५. ‘४५ किलो कापूस जास्तीचा आला कुठून?’ एवढंच विचारा, शून्य कशासाठी हे मूल स्वतःच सांगेल. मग किलो-ग्रॅम: १ किलो ५० ग्रॅम म्हणजे १.०५०, कारण इथे हजार भाग, तीन घरं. तासाचे मात्र ६० भाग. १ तास ३० मिनिटं म्हणजे १.५ तास, १.३० नव्हे.

बेरीज-वजाबाकीत चूक ठरलेली: ५/६ + ३/८ करताना अंशात अंश, छेदात छेद मिळवून ८/१४. पण ८/१४ अर्ध्याहून जरासाच जास्त, आणि एकटा ५/६ त्याहून मोठा. बेरीज एका तुकड्यापेक्षा लहान कशी? हे आधी बघू द्या, मग ६ आणि ८ चा लसावि २४ काढा: २०/२४ + ९/२४ = २९/२४, म्हणजे १ पूर्णांक ५/२४.

दशांशाच्या गुणाकारात घोळ शेवटच्या शून्याचा असतो. २.४ × ०.३५ घ्या. २४ × ३५ = ८४०, एकूण तीन घरं, ०.८४०, म्हणजे ०.८४. मुलं आधीच शून्य खोडतात आणि ८४ वर तीन घरं मोजून ०.०८४ लिहितात. पर्यायांत हेही उत्तर असू शकतं. ०.३५ म्हणजे साधारण तिसरा हिस्सा, २.४ चा तिसरा हिस्सा ०.८, हा अंदाज आधी कोपऱ्यात लिहिला की चुकीचा पर्याय लगेच गळतो.

भागाकारात भाजकातलं दशांश चिन्ह आधी घालवा: ४.२ ÷ ०.०७ म्हणजे ४२० ÷ ७ = ६०. अपूर्णांकात उलटायचा तो दुसरा. ३/४ ÷ १/८ म्हणजे पाऊण किलो शेंगदाण्यांच्या १२५ ग्रॅमच्या पुड्या किती, सहा. पहिला उलटला तर १/६ येतं, आणि पाऊण किलोत एकही पुडी भरत नाही.

‘चा’ असलेलं उदाहरण मुद्दाम द्या: ३/४ ÷ (१/२ चा ३/४). आधी ‘चा’, तो ३/८, उत्तर २. ओळीने डावीकडून गेलं तर ९/८.

रोज १५ गणितं पुरेत, घड्याळ लावून, साडेबावीस मिनिटांत. चुकलेलं गणित वेगळ्या वहीत उतरवून शेजारी कारण लिहायचं: ‘घर चुकलं’, ‘पहिला उलटला’, ‘पाढा चुकला’. तेच गणित आकडे बदलून चौथ्या दिवशी पुन्हा द्या. परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे अडलेल्या गणितातही अंदाजाने जवळचा पर्याय निवडून गोल भरायचा. कोरा सोडायचा नाही.