टाळूच्या जखमेवर जेल तपासायचं असेल तर

हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलं की टाळूवरून ऊतीचा पातळ तुकडा (ग्राफ्ट) काढून तिथे बसवतात. टाळूवर मागे राहिलेली उघडी जखमच मग पेशंटला जास्त छळते. जेल तपासायला जागा मात्र नामी: दिसते, मोजता येते.

नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआयची (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी पहिल्या पेशंटच्या आधी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

चाचणी फसते ती तुलनेत. हायलुरोनिक आम्ल हे औषध असलेलं जेल नुसत्या उघड्या जखमेच्या शेजारी ठेवलं तर ते सरस दिसणारच, कारण चिकट थर स्वतःच जखम झाकतो. म्हणून दुसऱ्या गटाला औषध वगळून तेच जेल द्या: तोच रंग, तोच घट्टपणा, तशीच ट्यूब. एकाच टाळूच्या दोन बाजूंवर दोन जेल लावू नका; जीभ आणि लाळ ती एकमेकांत मिसळतात.

निवड करताना ‘तंबाखू खाता का?’ एवढंच विचारून थांबू नका. मिश्री लावणाऱ्या अनेक बायका त्याला ‘नाही’ म्हणतात. मिश्रीबद्दल वेगळं विचारा.

जखम सगळ्यांची सारखी हवी. निर्जंतुक फॉइलचा १० बाय ८ मिलिमीटरचा साचा ठेवून १५ नंबरच्या ब्लेडने सुमारे १.५ मिलिमीटर जाडीचा ग्राफ्ट काढा. काढलेल्या ग्राफ्टची जाडी कॅलिपरने मोजून लिहा. खोल जखम जास्त दुखते आणि दोष जेलवर येतो. रक्त थांबल्यावरच पेशंट कोणत्या गटात ते सांगणारं बंद पाकीट उघडा, आधी नाही.

जेल अर्धा मिलिलिटर, बिनसुईच्या सिरिंजने, दिवसातून तीनदा जेवणानंतर; पुढे अर्धा तास खाणं-पिणं, चूळ बंद. चूळ भरायचं जंतुनाशक क्लोरहेक्सिडिन धनभारित, हायलुरोनिक आम्ल ऋणभारित. दोघं एकमेकांना बांधतात, म्हणून मध्ये तासाभराचं अंतर ठेवा. ट्यूब देताना आणि परत घेताना वजन करा. ‘रोज लावलं’ हे सगळेच म्हणतात.

वेदना पेशंटने घरीच रोज संध्याकाळी १०० मिलिमीटरच्या रेघेवर नोंदवावी, शेजारी वेदनाशामक गोळ्यांचा आकडा. चार गोळ्या घेऊन वेदना कमी असेल तर ते श्रेय जेलचं नाही.

३, ७, १४, २१ आणि २८व्या दिवशी तपासणी. आधी फोटो, जखमेच्या पातळीतच यूएनसी-१५ प्रोब (मिलिमीटरच्या खुणांची दातांची सळई) टेकवून. तिरका धरला तर क्षेत्रफळ चुकतं. मग जखम किती भरली ते सांगणारा लँड्रीचा १ ते ५ निर्देशांक. सगळ्यात शेवटी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड: जखम सलाइनने धुवा, कोरडी करा, थेंब सोडा. आवरण अपुरं असेल तिथे उघड्या ऊतीतलं कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सोडतं आणि बुडबुडे येतात. लाळ किंवा रक्त राहिलं तरीही येतात, म्हणून शंका आली तर पुन्हा धुऊन पाहा. हे बघणाऱ्याला गट माहीत नसावा.

२१व्या दिवशी बुडबुडे थांबलेले दिसले, म्हणजे जखम १४ ते २१ यांच्या मध्ये कधीतरी भरली. तक्त्यात ‘२१’ लिहून सरासरी काढू नका, मधला कालावधीच नोंदवा. फरक तीन-चार दिवसांचाच अपेक्षित असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात पेशंटला दर दोन दिवसांनी बोलवा.