जुनी जावा काढा, व्हिज्युअल सी++ ला हात लावू नका

नवीन आवृत्ती टाकली की जुनी आपोआप जाते, हे प्रत्येक सॉफ्टवेअरबाबत खरं नाही. जावा म्हणजे काही प्रोग्रॅम चालायला लागणारं सॉफ्टवेअर. तिच्या जुन्या आवृत्त्या बऱ्याचदा नवीच्या शेजारी तशाच राहतात, आणि त्यांतल्या सुरक्षेच्या त्रुटीही.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधलं 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स' उघडा. इथे 'व्हर्जन'चा रकाना दिसतो, म्हणून सेटिंग्जमधल्या यादीपेक्षा हीच सोयीची. नावाच्या रकान्यावर क्लिक केलं की एकाच सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या एकाखाली एक येतात. आधी नवी आवृत्ती नीट चालते का ते पाहा, मगच जुनीवर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल' निवडा. जावा ३२ बिट आणि ६४ बिट अशी दोन्ही असू शकते. ते दोन वेगळे प्रकार आहेत, जुनी-नवी नव्हे. जुन्या जावावरच चालणारा एखादा प्रोग्रॅम असेल तर अर्थातच थांबा. फ्लॅश प्लेयर मात्र बिनदिक्कत काढा, त्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० लाच संपला.

'व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल' म्हणजे इतर प्रोग्रॅमना लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या फाइल्सचा संच. त्याच्या २००८, २०१०, २०१३ अशा नोंदी पाहून हात शिवशिवतात. त्या राहू द्या. वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या वर्षांच्या फाइल्स वापरतात. २०१० ची गरज २०१३ भागवत नाही. काढलीत तर एखादा प्रोग्रॅम 'डीएलएल (म्हणजे त्याला लागणारी फाइल) सापडत नाही' म्हणत उघडायचाच थांबेल.

'प्रोग्रॅम फाइल्स'मधला फोल्डर थेट डिलीट करू नका. रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतली, नोंद मागे राहते, आणि अनइन्स्टॉलरच उडालेला असल्याने ती नीट काढताही येत नाही. असं आधीच झालं असेल, तर तीच आवृत्ती पुन्हा टाकून रीतसर काढा.