भर दुपारचं छायाचित्रण: इन्फ्रारेड कॅमेऱ्याने निसर्गदृश्यं कशी टिपावीत

ऊन तापलं की निसर्गाचे फोटो काढणारी मंडळी कॅमेरा पिशवीत टाकतात. इन्फ्रारेडसाठी कन्व्हर्ट केलेला कॅमेरा नेमका तेव्हाच बाहेर काढायचा. डोक्यावर ऊन, झाडांना कोवळी पालवी आणि आकाशात ढगांचे पुंजके असं जमून आलं, की पानं बर्फासारखी पांढरी येतात आणि आकाश जवळजवळ काळं.

असं का होतं, ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरमधल्या सिलिकॉनला त्यापलीकडचा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशही सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंत जाणवतो. तो अडवण्यासाठी उत्पादक सेन्सरवर एक काच बसवतात. कन्व्हर्जन म्हणजे ती काच काढून दुसरी बसवणं. पानातलं हरितद्रव्य हा प्रकाश शोषत नाही. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो विखरून परत पाठवतात. म्हणून पानं उजळतात. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० साली अशी निसर्गचित्रं प्रसिद्ध केली, त्यावरून या परिणामाला वुडचंच नाव मिळालं. आणि हो, यात उष्णतेचा काही संबंध नाही. उष्णता टिपणारे कॅमेरे याहून कितीतरी लांब लहरींवर चालतात.

पहिला निर्णय फिल्टरचा, म्हणजे सेन्सरवर बसवायच्या त्या दुसऱ्या काचेचा. तिचा आकडा सांगतो, की साधारण कुठल्या तरंगलांबीपासून पुढचा प्रकाश ती आत सोडते. ७२० नॅनोमीटरचा घ्या, असं मी नवख्यांना बेधडक सांगतो. त्यात थोडा रंगही उरतो आणि कृष्णधवलही छान होतं. ५९० मध्ये दृश्य प्रकाशही शिरतो, त्यामुळे रंग भडक मिळतात. नवलाई ओसरली की मला ते डोळ्यांत खुपायला लागले. ८३० किंवा ८५० घेतलात तर रंग विसरा, फक्त काळं-पांढरं. कॅमेरा घरी उघडायच्या फंदात मात्र पडू नका. फ्लॅशचा कपॅसिटर कॅमेरा बंद असतानाही जबर झटका देऊ शकतो.

दुसरं काम लेन्स तपासण्याचं, आणि ते प्रवासाला निघण्याआधीच उरकायचं. दृश्य प्रकाशात उत्तम चालणाऱ्या काही लेन्स इन्फ्रारेडमध्ये फोटोच्या मधोमध एक फिकट गोल डाग टाकतात. याला हॉटस्पॉट म्हणतात. लेन्सची किंमत पाहून तो ओळखता येत नाही. माझी सगळ्यांत लाडकी लेन्स यातच बाद झाली. मोकळ्या आकाशाकडे रोख धरा आणि सगळ्या ॲपर्चरवर, म्हणजे लेन्सच्या छिद्राच्या प्रत्येक मापावर, एकेक फोटो काढा. ॲपर्चर जितकं लहान, तितका डाग ठळक. डाग कुठून दिसायला लागतो, ते लिहून ठेवा.

जागेवर पोहोचलात की आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला मानायचं ते कॅमेऱ्याला सांगणं. उन्हातल्या हिरव्या गवताचा फ्रेमभर फोटो घ्या आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावा. तो नसेल तर पडद्यावर सगळं लालभडक दिसतं आणि रचनेचा अंदाजच येत नाही. फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. घरी गेल्यावर कित्येक सॉफ्टवेअरची तापमानाची पट्टी २००० केल्विनला अडते आणि लाली जात नाही. त्यासाठी आपल्या कॅमेऱ्याचं वेगळं प्रोफाइल एकदाच बनवून ठेवावं लागतं.

फोकस मिररलेस कॅमेऱ्यात बहुतेक बिनघोर असतो, कारण तो सेन्सरवरच ठरतो. डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं थेट दृश्य) वापरा, नाहीतर फोकस सरकतो. एक्स्पोजरचा भरवसा मीटरवर ठेवू नका. पानांतून किती इन्फ्रारेड येतोय हे त्याला धड कळत नाही, आणि ७२० मध्ये सगळ्यांत आधी लाल चॅनल फुटतो, म्हणजे लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला टेकून तपशील जातो. लाल रंगाचा वेगळा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) पाहा, प्रकाश एक स्टॉप, म्हणजे निम्मा किंवा दुप्पट, कमी-जास्त करून तीन फोटो घ्या. ॲपर्चर एफ ८ च्या आसपास बरं. लहरी लांब असल्यामुळे विवर्तनाचा, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने येणारा, मऊपणा इथे लवकर येतो. लेन्सहूड लावाच, लेन्सवरचे लेप दृश्य प्रकाशासाठी बनवलेले असतात, त्यामुळे फ्लेअर, म्हणजे भटक्या प्रकाशाची झळाळी, जास्त येते.

रचना करताना रंग विसरून उजळ काय आणि गडद काय एवढंच बघायचं. रुंद पानं आणि गवत लखलखतात, सूचीपर्णी झाडं जरा मंद. पाणी इन्फ्रारेड शोषतं, म्हणून खोल तळं काळंभोर येतं. त्यात काठावरच्या पांढऱ्या झाडांचं प्रतिबिंब पडलं तर दुसरं काही शोधायला जाऊ नका. सूर्याकडे पाठ केली तर आकाश जास्त गडद मिळतं. दूरच्या डोंगरावरचा विरळ धुरकटपणाही कमी होतो, दाट धुकं मात्र तसंच राहतं. आणि सगळी चौकट पानांनीच भरू नका, नुसता पांढरा गोंधळ होतो. एखादा खडक, काळं खोड किंवा जुनी भिंत हवीच.

घरी आल्यावर ७२० च्या फोटोत आकाश तपकिरी आणि पानं निळसर दिसतील. सॉफ्टवेअरमधला चॅनल मिक्सर उघडा, त्यात लाल आणि निळ्याची अदलाबदल करायची. लाल आउटपुटमध्ये लाल ० आणि निळा १००, निळ्या आउटपुटमध्ये लाल १०० आणि निळा ०. आकाश निळं होतं, पानांवर फिकट पिवळी झाक येते. ती झाक नको असेल तर फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन उतरवा. निळ्याला हात लावलात तर आकाशात दाणे उठतात.