लाइफ जॅकेट घातलंय? आता खेचून बघा

मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना होडीत पाय ठेवायच्या आधीच लाइफ जॅकेट चढवा. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. अशी धडक क्षणात होते, सीटखालचं जॅकेट शोधून घालायला तेव्हा सवड कुठली!

पण नुसतं गळ्यात अडकवून भागत नाही. सगळी बकलं लावा, बाजूचे पट्टे ओढून घट्ट करा आणि सोबतच्या माणसाला खांद्यापाशी धरून जॅकेट वर खेचायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं, तर पाण्यात तेच तोंडावर येईल किंवा डोक्यातून निघून जाईल. पट्टे आणखी आवळा, नाहीतर लहान मापाचं घ्या.

लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट कधीही घालू नका. त्यांच्या वजनाचं, दोन पायांमधून पट्टा जाणारं मागून घ्या. नसेल, तर ती होडी खुशाल सोडा, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

आणि फोटोसाठी सगळे एकाच बाजूला धावले तर तुम्ही जागचे हलू नका. अशानेच होडी कलंडते.