नाट्यविभागाच्या प्रवेशासाठी ऑडिशनचा व्हिडिओ कसा तयार कराल

आधी विभागाची सूचना कागदावर उतरवून घ्या: उतारे किती, प्रत्येकाला वेळ किती, फ्रेम कुठपर्यंत हवी, कापाकापी चालते का. इथलं काही त्या सूचनेशी जुळत नसेल, तर सूचनाच पाळा. ९० सेकंद दिले असतील तर उतारा ८० सेकंदांत बसवा, कारण करताना विराम हमखास लांबतात.

सगळ्यात जास्त वेळ उतारा निवडण्यावर घालवा. पात्र तुमच्या वयाच्या आसपासचं असावं आणि नाटक पूर्ण वाचलेलं असावं. नुसतं घडून गेलेलं सांगणारं स्वगत कॅमेऱ्यासमोर लवकर थंड पडतं. पात्राला समोरच्याकडून आत्ता, या क्षणी काहीतरी हवं आहे, माफी, कबुली, परवानगी, असा उतारा शोधा. दोन मागितले असतील तर एक गंभीर, एक विनोदी एवढ्यावर थांबू नका. दोघांची लय आणि उभं राहण्याची पद्धतही वेगळी हवी. आक्रोशानेच सुरू होणारा उतारा टाळा. पुढे चढायला जागा उरत नाही, आणि फोनचा माईक ओरडण्यावर फाटतो.

आवाजासाठी पडदे, गाद्या, कपडे असलेली खोली घ्या. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि शब्दांचे शेवट गिळले जातात. पंखा बंद. फोन दीड-दोन मीटरवर ठेवा, त्याहून लांब नको. उताऱ्यातलं सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हळू आवाजातलं वाक्य आधी रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका.

फोन आडवा, ट्रायपॉडवर, लेन्स डोळ्यांच्या उंचीला. मागचा कॅमेरा वापरा आणि लेन्स पुसून घ्या. वेगळी सूचना नसेल तर कंबरेपासून वर फ्रेम करा. भिंत साधी हवी. तिच्यापासून मीटरभर पुढे उभे राहा, म्हणजे सावली मागे चिकटत नाही. खिडकी समोर किंवा तिरकी असावी, पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो. फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर तुम्ही हलताच चित्र उजळत-मंदावत राहतं. फ्लाइट मोड विसरू नका.

आता नजर. नाव आणि उताऱ्याची ओळख लेन्समध्ये बघून सांगा. अभिनय करताना मात्र लेन्समध्ये बघू नका. तसं केलं की परीक्षकच दुसरं पात्र होतात आणि त्यांना तुम्हाला निवांत न्याहाळता येत नाही. ऐकणारं पात्र लेन्सच्या अगदी शेजारी, डोळ्यांच्या उंचीला ठेवा. तिथे कुणी उभं राहिलं तर उत्तम, नाहीतर चिठ्ठी चिकटवा. चिठ्ठी फार बाजूला गेली की एकच डोळा दिसतो, खाली गेली की पापण्याच दिसतात. मनातला विचार बोलण्याआधी डोळ्यांत येतो, म्हणून ही जागा ठरवायला घाई करू नका.

सुरुवातीला आणि शेवटी दोन सेकंद शांत राहा. प्रत्येक उतारा सलग, एकाच टेकमध्ये. पाच-सहा टेकनंतर सूर ठरून जातो आणि वाक्यं पाठ म्हटल्यासारखी येतात. तेव्हा थोडं फिरून या, मग समोरच्याकडून जे हवं आहे ते वेगळ्या मार्गाने मागून बघा.

फाइलला तुमचं नाव आणि उताऱ्याचं नाव द्या. लिंक पाठवायची असेल तर मुदतीच्या दोन दिवस आधी अपलोड करा आणि तुमच्या खात्यात लॉग-इन नसलेल्या दुसऱ्या फोनवर ती उघडते का, आवाजासकट शेवटपर्यंत चालते का, ते तपासा.