इंग्लंडला नवीन आलात? मवाळ शब्दांकडे लक्ष द्या

इंग्लंडला निघताना बरेच जण इंग्रजी वाक्प्रचारांची यादी पाठ करून येतात. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ त्यात हमखास असतं. लीड्सला पावसाची कमी नाही, पण हे वाक्य इंग्रजांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलंय. पाऊस झोडपत असेल तर ‘चकिंग इट डाउन’, नाहीतर ओली छत्री झटकत नुसतं ‘बिट वेट आउट देअर’. ती यादी बाजूला ठेवा. नोकरीत आणि दवाखान्यात जे शब्द तुम्हाला अडवतील ते अगदी साधे आणि मवाळ असतात. म्हणूनच नवीन माणूस ते कानाआड करतो.

‘यू ऑलराइट?’ ही चौकशी नव्हे. उलट ‘यू ऑलराइट?’ म्हणायचं आणि पुढे जायचं. मुलाला ताप आहे, रात्रभर जागरण झालं, हे तिथे सांगायचं नाही. दुकानातली बाई ‘लव्ह’ म्हणाली किंवा नॉटिंगहॅम-डर्बीकडे कुणी ‘डक’ म्हणालं तर रागावू नका; भाजीवाली ‘ताई’ म्हणते तसं ते आहे. ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात, साडेसहा नव्हे. उत्तरेकडे ‘टी’ला बोलावलं तर बहुधा संध्याकाळचं जेवण असतं, घरून पोहे खाऊन निघू नका. ‘सी यू लेटर’ म्हणणारा नंतर भेटायला येणार नसतो. आपणही निघताना ‘येतो’च म्हणतो.

आता ऑफिस. इथे नीट लक्ष द्या.

अमेरिकन माणसाने ‘क्वाइट गुड’ म्हटलं तर काम छान झालंय. इंग्रज साहेबाने म्हटलं तर बऱ्याचदा ‘ठीक आहे, पण हवं तसं नाही’. ‘नॉट बॅड ॲट ऑल’ ही मात्र खरी शाबासकी. ‘विथ रिस्पेक्ट’ कानावर आलं की तुमचं म्हणणं खोडलं जाणार. ‘आय हिअर व्हॉट यू से’ म्हणजे ऐकलं, पण पटलं नाही. ‘आय विल बेअर इट इन माइंड’ म्हणजे आपलं ‘बघू’. स्थळाकडून ‘बघू, कळवतो’ आलं की काय समजायचं ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इथेही तसंच समजा.

‘टेबल’ हा शब्द वेगळा लक्षात ठेवा. इथे बैठकीत एखादा विषय ‘टेबल’ करायचा म्हणजे चर्चेला घ्यायचा, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवायचा. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांत बराच वाद झाल्याचं चर्चिल यांनी लिहून ठेवलंय.

संकट सांगतानाही हे लोक आवाज चढवत नाहीत. एप्रिल 1951, कोरियातली इम्जिन नदी. चिनी सैन्याने ब्रिटिश तुकड्यांना घेरलं होतं. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडींनी अमेरिकन जनरलला कळवलं की परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे. जनरलला वाटलं, जरा अवघड आहे, निभावेल. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या त्या बटालियनमधले बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले. तुमचा मॅनेजर ‘अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम’ म्हणाला तर हातातलं काम खाली ठेवून आधी तिकडे बघा.

आणि सगळ्यात महागात पडणारं वाक्य: ‘यू माइट वॉन्ट टू’. हा सल्ला नव्हे, हुकूम आहे. पुण्याहून आलेला एक मुलगा, कामात अतिशय हुशार. मॅनेजर बाई त्याला म्हणायच्या, ‘यू माइट वॉन्ट टू हॅव अनदर लुक ॲट द टेस्टिंग, व्हेन यू गेट अ चान्स.’ त्याने ते सवडीचं काम समजून मागे टाकलं. बाईंनी तेच आणखी गोड शब्दांत पुन्हा सांगितलं. त्याला वाटलं, त्या खूश आहेत. प्रोबेशन संपताना हातात पत्र पडलं: सूचना देऊनही सुधारणा नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी गेली की साधारण 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. त्याला स्पॉन्सर मिळाला नाही. बायको नुकतीच आली होती, घराचा करार वर्षाचा होता. असं होताना मी पुन्हा पुन्हा पाहिलंय, आणि दरवेळी माणूस कामात कमी नव्हता.

म्हणून ‘माइट’, ‘पर्हॅप्स’, ‘व्हेन यू गेट अ चान्स’ यांपैकी काहीही ऐकलं की तिथल्या तिथे विचारा: ‘व्हेन डू यू नीड इट बाय?’ मग दोन ओळींची ईमेल टाका, मी हे काम गुरुवारपर्यंत करतोय, बरोबर ना? इंग्रज तुमची चूक तोंडावर सांगणार नाही, त्याला ते असभ्य वाटतं. पण विचारलंत तर सरळ उत्तर देतो, आणि विचारल्याचा रागही धरत नाही.

डॉक्टरकडे उलटं करा. जीपीने ‘हाउ आर यू?’ विचारलं की आपण सवयीने ‘फाइन, थँक यू’ म्हणतो आणि दहा मिनिटांच्या भेटीतला वेळ घालवतो. ‘बिट अंडर द वेदर’ म्हणालात तर सर्दी-पडसं समजतील. कुठे दुखतंय, कधीपासून, किती, ते सरळ सांगा. ‘लूज मोशन’ इथे सगळ्यांना कळत नाही, ‘डायरिया’ म्हणा. आईवडिलांसाठी अपॉइंटमेंट घेताना मराठी दुभाषा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत.

आपल्याकडचं थोडं इंग्रजीही इथे बदलावं लागतं. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की समोरच्याला वाटतं तुमचा त्याच्यावर विश्वास नाही, ‘क्वेश्चन’ म्हणा. कॉलेजातून ‘पास आउट’ झालो म्हणजे इथे चक्कर येऊन पडलो. ‘प्रीपोन’ कुणाला कळत नाही.

मंडळाच्या गणपतीत नवीन मुलांच्या इंग्रजीला हसणारे जुने लोक भेटतील. मला त्यांची चीड येते. त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतं म्हणून ते शिकले. हसणाऱ्यांना सोडा, शेजारच्या टेबलावरच्या इंग्रज सहकाऱ्याला विचारा, तो आनंदाने समजावेल.

स्कॉटलंडला जाणाऱ्यांसाठी एवढंच: ग्लासगोत कुणी ‘मेसेजेस’ आणायला निघालं असेल तर ते किराणा आणायला चाललेत, आणि ‘हाउ?’ विचारलं तर बऱ्याचदा त्यांना ‘का?’ विचारायचं असतं.