बारोलोची बाटली कशी निवडावी आणि कशी उघडावी

इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रांतात, आल्बा शहराजवळ लांगे नावाच्या टेकड्या आहेत. तिथल्या अकरा गावांच्या हद्दीत पिकलेल्या नेब्बिओलो द्राक्षाच्याच ड्राय (गोड नसलेल्या) रेड वाइनला बारोलो म्हणता येतं. दुसऱ्या द्राक्षाचा थेंबही चालत नाही. रंग फिका, विटकरीकडे झुकणारा, त्यामुळे वाइन हलकी असेल असं वाटतं. पहिल्या घोटातच हिरड्या आवळल्या जातात. हा तुरटपणा सांभाळता आला की बारोलो जमली.

आधी लेबल वाचा. ‘डीओसीजी’ हा इटलीतला सर्वोच्च दर्जा बारोलोला 1980 साली मिळाला. वर्ष लिहिलेलं असतं ते द्राक्षतोडणीचं. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून किमान 38 महिने वाइन मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात. लेबलवर ‘रिझेर्व्हा’ (जास्त काळ मुरवलेली) लिहिलेलं असेल तर 62 महिने. म्हणजे 2021 च्या द्राक्षांची साधी बारोलो 2025 उजाडल्याशिवाय विकताच येत नाही.

मग गाव शोधा. माझ्या मते निवडीत सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. पश्चिमेकडच्या ला मोर्रा आणि बारोलो या गावांत निळसर-करडी, चुन्याचा अंश असलेली चिकणमाती आहे. तिथली वाइन लवकर खुलते, गुलाबाचा वास आधी येतो. पूर्वेकडच्या सेरालुंगा आणि मोनफोर्तेची जमीन अधिक जुनी, वालुकाश्म मिसळलेली. तिथली वाइन घट्ट, करारी. दहा वर्षं सहज थांबायला लावते. बऱ्याच बाटल्यांवर मळ्याचंही नाव असतं: ब्रुनाते दिसलं तर ला मोर्राची बाजू समजा, व्हिन्या रिओंदा म्हणजे सेरालुंगा. पहिल्यांदाच घेत असाल तर ला मोर्राची घ्या. किंमत झेपत नसेल तर ‘लांगे नेब्बिओलो’ घ्या. द्राक्ष तेच, मुरवण कमी, पैसेही बरेच कमी.

वाइन 16 ते 18 अंशांवर प्यावी. आपल्याकडे ‘रूम टेंपरेचर’वर विसंबू नका. एप्रिल-मेमध्ये खोलीतली बाटली 30 च्या पुढे गेलेली असते आणि नुसता अल्कोहोल नाकात जातो. अशी बाटली सुमारे दीड तास फ्रिजमध्ये ठेवा.

बाटली कोवळी असेल तर दोन तास आधी रुंद तळाच्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवा. नुसतं बूच काढून ठेवल्याने फारसं काही होत नाही, कारण मानेतून हवा कितीशी जाणार? जुन्या बाटलीला मात्र वेगळं वागवायचं. आदल्या दिवशी ती उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल. ओतताना मानेमागे टॉर्च धरा, धार बारीक आणि अखंड ठेवा. काळपट गाळाची रेघ मानेकडे सरकताना दिसली की तिथेच थांबा. जुन्या वाइनला जास्त वेळ हवेवर ठेवू नका, तिचा वास उडून जातो.

सोबत काहीतरी खायला हवंच. पिएमोंतेत अंड्याच्या पिवळ्या बलकाची बारीक शेवयांसारखी ‘तायारिन’ किंवा बारोलोतच शिजवलेलं बीफ असतं. स्निग्धतेने आणि मांसाने तुरटपणा मऊ होतो. घरी मंद आचेवर शिजवलेलं, कमी तिखट मटण चालेल. तांबडा रस्सा नको. तुरटपणा आणि अल्कोहोल मिळून तिखटाची आग आणखी भडकवतात.

उरलेल्या बाटलीला बूच लावून ती फ्रिजमध्ये ठेवा. कोवळी बारोलो दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा जास्त चांगली लागते.